दोघी बहिणी, एकच दुःख : दानचिंतामणी अत्तिमब्बे



आपल्या प्रथमानुयोगात सीता, अंजना, चंदना यांच्या कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आज मात्र पुराणातल्या नव्हे, इतिहासातल्या एका श्राविकेबद्दल लिहिते आहे. तिचे नाव शिलालेखात आहे, काव्यात आहे आणि तिने बांधलेली बस्ती आजही उभी आहे. तिचे नाव अत्तिमब्बे. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागातल्या आपल्या घरांतून कर्नाटकातल्या तीर्थांना जाणे-येणे नेहमीचेच, तरी तिची गोष्ट आपल्यापैकी अनेकींना माहीत नसते.

काळ दहाव्या शतकाच्या उत्तरार्धाचा. सन 973 मध्ये राष्ट्रकूटांची सत्ता गेली आणि चालुक्य राजा तैलप गादीवर आला. अत्तिमब्बेचे वडील मल्लप आणि काका पुन्नमय्य हे दोघेही शूर आणि धर्मनिष्ठ. आपल्या गुरूंच्या, जिनचंद्रांच्या, स्मरणार्थ या दोघा भावांनी कन्नड महाकवी पोन्न याच्याकडून सोळावे तीर्थंकर शांतिनाथ यांचे ‘शांतिपुराण’ लिहून घेतले होते. पुढे पुन्नमय्य लढाईत कामी आले. म्हणजे शौर्य, शास्त्र आणि मरण ही तिन्ही तिने माहेरीच पाहिली होती.

तैलपाचा महामंत्री धल्लप याचा मुलगा नागदेव हा सेनापती. त्याच्याशी अत्तिमब्बेचे लग्न झाले आणि तिची धाकटी बहीण गुंडमब्बे हीसुद्धा त्यालाच दिली. त्या काळी असे होत असे. मोठे घर, राजदरबारात मान, पराक्रमी नवरा, मांडीवर मुलगा अण्णिगदेव. संसाराचा हा चढ होता.

आणि मग नागदेव गेला.

गुंडमब्बे पतीच्या चितेवर सती गेली. अत्तिमब्बेच्या वाट्याला एकाच वेळी दोन वियोग आले, पतीचा आणि पाठच्या बहिणीचा. तिने मागे राहून मुलाला वाढवायचे ठरवले.

इथे क्षणभर थांबायला हवे. ज्या काळात सती जाणाऱ्या बाईचा गौरव व्हायचा, त्या काळात मागे राहणे सोपे नव्हते. गुंडमब्बेला आपण नावे ठेवू नयेत. तिच्या मनात काय चालले होते हे आपण कोण सांगणार? पण आपले शास्त्र काय सांगते ते स्पष्ट आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात धर्म समजून अग्नीत उडी घेणे ही लोकमूढता म्हटली आहे. मनुष्यभव दुर्लभ आहे, तो संयमासाठी आहे. अत्तिमब्बेने जी वाट धरली ती जिनधर्माची होती.

तिचे दुःख नाहीसे झाले असे कुणीच म्हणत नाही. महाकवी रन्न तिचे वर्णन करतो ते व्रत-उपवासांनी शरीर कृश केलेली स्त्री म्हणून. दुःख होतेच. पण ते तिने नेमात घातले. वाहत्या पाण्याला पाट काढून दिला की ते शेताला मिळते, नाहीतर बांध फोडून जाते. व्रत म्हणजे असा पाट. रोजचा अभिषेक, सामायिक, स्वाध्याय, एकाशन यांच्या वेळा ठरलेल्या असतात. मन हजर असो वा नसो, वेळ झाली की उठावेच लागते, आणि तसे उठता उठता एक दिवस मनही सोबत येते.

दुसरी गोष्ट म्हणजे तिने हाती घेतलेले काम. वडील-काकांनी लिहून घेतलेल्या ‘शांतिपुराणा’च्या एक हजार प्रती तिने लिहवून घेतल्या आणि वाटल्या. छापखाना नसलेल्या काळात हजार प्रती म्हणजे काय याचा विचार करा. ताडाची पाने आणायची, शिजवून वाळवायची, घासून गुळगुळीत करायची, एका मापाने कापायची, भोके पाडून दोरीत ओवायची. मग लोखंडी लेखणीने एकेक अक्षर कोरायचे आणि काजळी चोळून ते उठवायचे. हे सगळे एका प्रतीसाठी, आणि तसे हजार वेळा. किती लेखक बसवले असतील, त्यांच्या जेवणाखाण्याची आणि दिव्याच्या तेलाची व्यवस्था कोणी पाहिली असेल? एवढा पसारा सांभाळणाऱ्या बाईला सकाळी अंथरुणातून उठायला कारण होते.

आणि ग्रंथ कोणता, तर माहेरचा! काका गेले, पण त्यांनी लिहवलेले पुराण हजार ठिकाणी वाचले जाऊ लागले. ज्यांना परत आणता येत नव्हते, त्यांचे पुण्यकार्य तिने पुढे नेले.

शास्त्रदानाबरोबर तिने रत्नखचित सोन्याच्या दीड हजार जिनप्रतिमा करवून दिल्याचे सांगतात. तिच्या आश्रयाने रन्नाने सन 993 मध्ये दुसरे तीर्थंकर अजितनाथ यांचे ‘अजितपुराण’ पूर्ण केले. हा रन्न मुधोळच्या बांगड्या विकणाऱ्या कासाराच्या घरातला. ‘दानचिंतामणी’ हे तिचे बिरुद उगीच पडलेले नाही. मागेल ते देणारे रत्न म्हणजे चिंतामणी.

गदगजवळच्या लक्कुंडी गावी तिने बस्ती बांधली. तिथल्या शिलालेखाचा काळ सन 1007 आहे. आत चतुर्मुख ब्रह्माची मूर्ती आहे, म्हणून तिला ब्रह्म जिनालय म्हणतात. तोवर राज्य तैलपाचा मुलगा सत्याश्रय याच्याकडे आले होते आणि अण्णिगदेवही चालुक्यांच्या सेवेत मोठा झाला होता. घराला पुन्हा चांगले दिवस आले होते. दुःखात न मोडणारी माणसे पुष्कळ असतात, पण सुख परत आल्यावर न चढणारी थोडी. अत्तिमब्बेने परत आलेल्या वैभवातून स्वतःसाठी महाल नाही, देवासाठी मंदिर उभे केले. रोजच्या सामायिकात आपण लाभ-हानी, सुख-दुःख यांत समभाव मागतो. त्यातला सुखाचा अर्धा भाग आपण बहुधा विसरतो. ‘हेही राहणार नाही’ ही अनित्य भावना फक्त रडताना आठवायची नसते, हसतानाही आठवायची असते.

लोकांनी तिच्याभोवती आख्यायिका गुंफल्या. पुरात वाहणारी आपली गोदावरी तिच्या पुण्याईने थांबली, अशी त्यातली एक. बाराव्या शतकात होयसळांचा सेनापती गंगराज याची थोरवी सांगताना श्रवणबेळगोळच्या शिलालेखाने याच प्रसंगाची उपमा दिली आहे. शूर सेनापतीला उपमा कोणाची, तर एका श्राविकेची!

पण मला सगळ्यात मोठी वाटते ती अगदी घरगुती गोष्ट. रन्नाने आपल्या मुलीचे नाव अत्तिमब्बे ठेवले. हजार वर्षांपूर्वी एका बापाने आपल्या लेकीला एका विधवेचे नाव दिले. त्यात त्याला अशुभ काही वाटले नाही.

आणि आज? नवरा गेलेली काकू किंवा वहिनी घरच्या मंगलकार्यात आपणहून मागे सरकते. ओटी भरायच्या वेळी ती आत स्वयंपाकघरात काम काढते. आपण तिला हाक मारत नाही आणि मग म्हणतो, ‘अमकी फार खचली हो!’ अत्तिमब्बे सावरली ती तिच्या व्रतांमुळे आणि धैर्यामुळे, हे खरेच. पण तिच्या हातचे दान मुनींनी, कवींनी, समाजाने आदराने घेतले, हेही तितकेच खरे. आधार दोन्हीकडून लागतो.

म्हणून दुःखात असलेल्या मैत्रिणीला ‘सावर आता’ एवढेच सांगून थांबू नका. तिला सोबत घेऊन बस्तीत जा. रोज अर्धा तास तिच्याबरोबर स्वाध्यायाला बसा. पाठशाळेतल्या मुलांना शिकवायचे काम तिला द्या, श्रुतपंचमीला जुने ग्रंथ झाडून नवी वेष्टने घालायची जबाबदारी तिच्यावर सोपवा. आणि पुढच्या मंगलकार्यात पहिला कलश तिच्या हाती द्या. चार दानांत अभयदानही आहे. ‘तू आमचीच आहेस, तुझी गरज आहे’ हे कृतीने सांगणे, हे त्यातलेच एक.

लक्कुंडीला गेलात तर बस्तीच्या पायरीवर दोन मिनिटे बसा. तिथे दोघी बहिणींची आठवण करा, आणि तुमच्या घरातल्या एखादीचीही.

जय जिनेंद्र.