इसारावर पाणी

घराचा सौदा ठरावा, इसाराची रक्कम विकणाऱ्याच्या हाती पडावी, इसारपावतीवर साक्षीदारांच्या सह्या व्हाव्यात, आणि खरेदीखताची मुदत भरण्यापूर्वीच बाजार कोसळावा, अशा वेळी दिलेल्या इसारावर पाणी सोडून मोकळे व्हावे की ठरल्या भावाने ती वास्तू पदरात घ्यावी, हा प्रश्न ज्याच्यापुढे उभा राहतो त्याला तो सर्वस्वी आपला एकट्याचा आणि आजचाच वाटतो. वस्तुतः आपल्याकडील धर्मशास्त्रकारांनी त्याचा ऊहापोह सुमारे नऊशे वर्षांपूर्वी करून ठेवलेला आहे. आणि इसाराची मर्यादा नसलेले सौदे केल्याचे प्रायश्चित्त मुंबई शहराने तर एकदा सामुदायिक रीतीने भोगलेले आहे.

कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या राज्यात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर जी मिताक्षरा नावाची टीका लिहिली, आणि जिच्या आधारे महाराष्ट्रातील हिंदू कुटुंबांच्या वाटण्या व वारसाहक्क अगदी अलीकडेपर्यंत ठरत आले, तीत खरेदीविक्रीचा शब्द पक्का करण्यासाठी अंगठी किंवा तत्सम वस्तू हाती देण्याच्या रिवाजाचा विचार आहे. देणारा आपल्या बोलीपासून ढळला तर ती वस्तू त्याने गमवावी, आणि घेणारा ढळला तर त्याने दुप्पट परत करावी, असा तो निवाडा. वचनभंग हे पाप खरे. परंतु व्यवहारात माणसे वचने मोडणारच हे ओळखून शास्त्रकारांनी त्या पापाचे मोल आगाऊच बांधून दिले, आणि सौदा मोडणाऱ्याची अंगठी गेली तरी त्याचे घरदार जाऊ नये अशी तजवीज केली, यात त्यांचे व्यवहारचातुर्य दिसते. इसार म्हणा, विसार म्हणा की बयाणा म्हणा, पुढे पेठांतून आणि कसब्यांतून जो प्रघात रूढ झाला त्याचे मर्म हेच होते. इसार बुडवून बाजूला होणाऱ्याची पत थोडी उणावे, चार लोक नावे ठेवीत. पण तो पुन्हा बाजारात उभा राहू शके.

या मर्यादेची किंमत कळली ती १८६५ साली. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटून दक्षिणेकडील संस्थानांचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा त्या गिरण्यांची सारी भिस्त हिंदुस्थानच्या कापसावर येऊन पडली, आणि मुंबई बंदरात पैशाचा असा ओघ लोटला की तो गुंतवावा कोठे हाच व्यापाऱ्यांना पेच पडला. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले ते याच ऐन भराच्या दिवसांत. सर बार्टल फ्रियर त्या वेळी गव्हर्नर होते, कोटाचा तट पाडण्याचे काम चालू होते, आणि बेटाचा प्रत्येक काठ बुजवून तेथे जमीन काढण्याच्या योजना निघत होत्या. माझगाव, कुलाबा, बॅक बे, जिकडेतिकडे जमिनीच्या कंपन्या उभ्या राहिल्या. जी जमीन अद्याप समुद्राखाली होती आणि जिच्यावर भरतीचे पाणी दिवसातून दोनदा येऊन जात होते, तिच्यासाठी काढलेल्या बॅक बे कंपनीच्या पाच हजार रुपयांच्या एकेका भागाचा (शेअरचा) भाव पन्नास हजारांच्याही वर चढला, आणि प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या धुरंधराच्या चिठ्ठीला रोकडीचे मोल आले.

या व्यवहारांत इसार कोठे होता? बहुतेक ठिकाणी नव्हताच, आणि तेथेच सारी मेख होती. बाजारात जोर होता तो वायद्याच्या सौद्यांचा. अमुक कंपनीचे इतके भाग, १८६५ च्या १ जुलैला, अमुक भावाने घेईन, एवढे लिहून सही केली की सौदा पुरा. आज खिशातून काही काढावे लागत नसे, म्हणून माणूस पाच भागांच्या जागी पन्नास भाग लिहून घेई. आणि काहीच दिलेले नसल्यामुळे काही सोडून सुटण्याचीही सोय त्याला राहत नसे, कारण त्याने गहाण टाकली होती ती आपली सबंध पत. ज्यांनी रोख पैसे भरून भाग घेतले होते त्यांतल्याही कित्येकांची अवस्था याहून बरी नव्हती. पुष्कळ बँकांच्या आणि कंपन्यांच्या भागांची पुरी किंमत वसूल झालेली नसे, थोडी रक्कम आरंभी घेऊन उरलेली पुढे हप्त्याहप्त्याने मागविण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवलेला असे. त्यामुळे भाव मातीमोल झाल्यावर ‘भरले ते गेले’ असे म्हणून भाग टाकून देऊ पाहणाऱ्याच्या मागे उरलेल्या हप्त्यांचा तगादा लागलेलाच राही.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील दक्षिणेचे सेनापती जनरल ली शरण गेल्याची वार्ता मुंबईस पोहोचली, कापूस उतरला, कापसामागून भाग उतरले, आणि १ जुलै उजाडण्यापूर्वीच मोठमोठ्या पेढ्या बसू लागल्या. वायद्याच्या दिवशी घेणाऱ्याने देणाऱ्याकडे आणि देणाऱ्याने तिसऱ्याकडे पाहावे, अशी साखळीच तुटून पडली. दिवाळखोरांच्या मिळकतींचा निकाल लावण्यासाठी सरकारला त्याच वर्षी खास कायदा करावा लागला. भागांच्या तारणावर सढळ हाताने कर्जे देणारी बँक ऑफ बाँबे १८६८ मध्ये गुंडाळली गेली. १८६४ च्या गणतीत ८,१६,५६२ असलेली शहराची वस्ती १८७२ मध्ये ६,४४,४०५ वर आली.

या अनर्थानंतर सात वर्षांनी, १८७२ मध्ये, करारांचा कायदा झाला आणि १८८२ मध्ये मिळकतींच्या हस्तांतरणाचा. पहिल्याच्या ७४ व्या कलमाने असे ठरविले की करारात दंडाची रक्कम कितीही मोठी लिहिलेली असली तरी त्या मर्यादेत वाजवी भरपाईच काय ती मिळेल. दुसऱ्याच्या ५४ व्या कलमाने असे सांगितले की नुसत्या साठेखताने त्या मिळकतीत घेणाराचा कोणताही हितसंबंध उत्पन्न होत नाही. मात्र इसार सोडला की सुटका झालीच, असे या कायद्यांचे म्हणणे नव्हे. इसार जप्त करण्याखेरीज विकणाऱ्याला दुसरा इलाज नाही असे करारात स्पष्ट नसेल, तर तो कराराच्या पूर्तीची फिर्याद लावू शकतो, किंवा ठरलेला भाव आणि पडलेला भाव यांतील अंतर नुकसानी म्हणून मागू शकतो. पडत्या बाजारात विकणाऱ्याला हा मार्ग सुचणे अगदी स्वाभाविक आहे.

इसार कोणता आणि किमतीपैकी दिलेली रक्कम कोणती, याचा उलगडा सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये दिल्लीतील एका मिळकतीच्या कज्ज्यात केला. १९४९ साली ठरलेल्या या सौद्याची किंमत १,१२,५०० रुपये होती. घेणाऱ्याने १,००० रुपये इसार आणि पुढे किमतीपैकी २४,००० रुपये दिले होते, आणि सौदा फिसकटल्यावर विकणारा सगळेच २५,००० ठेवून घेऊ पाहत होता. न्यायालयाने हजार रुपयांच्या इसाराला हात लावला नाही, पण मधल्या काळात मिळकतीची किंमत घसरली असा पुरावाच नसल्यामुळे चोवीस हजारांची जप्ती ग्राह्य धरली नाही.

याच प्रश्नाचे अगदी अलीकडचे रूप गुडगावच्या एका सदनिकेच्या प्रकरणात दिसते. २०१४ मध्ये नोंदणी करून, सुमारे १ कोटी ७१ लाखांच्या मूळ किमतीपैकी ५१ लाखांवर रक्कम भरल्यावर, ताबा देऊ केला गेला तोवर भाव बरेच उतरले होते; ग्राहकाने सदनिका नाकारून पैसे परत मागितले. बांधकाम करणाऱ्या कंपनीने करारावर बोट ठेवून मूळ किमतीच्या २० टक्के कापण्याचा हक्क सांगितला. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम एकतर्फी ठरवून कपात १० टक्क्यांपुरतीच मान्य केली. परंतु बाजार पडला म्हणून मागे फिरलेल्या ग्राहकाला परताव्याच्या रकमेवर व्याज मात्र नाकारले. दोन्ही बाजूंना थोडे थोडे गमवायला लावणारा हा निवाडा मिताक्षरेच्या वृत्तीला फारसा परका नाही.

मग घ्यावे की सोडावे? निव्वळ हिशेब पाहिला तर तो कठीण नाही. लाखाचे घर, दहा हजारांचा इसार. भाव पंच्याण्णव हजारांवर आला असेल तर सौदा पुरा करणाराचे पाच हजार जातात आणि सोडणाराचे दहा. ऐंशीवर आला असेल तर पारडे उलटते. त्यात विकणाऱ्याच्या फिर्यादीचा धोका मिळवावा, राहण्यासाठी घर हवे असल्यास त्याचे मोल मिळवावे, आणि दिलेले दहा हजार मात्र दोन्ही पारड्यांतून काढून टाकावेत असा मोह होत असल्यास तो आवरावा. कारण घर घेतले तर ते किमतीत वळते होतात आणि सोडले तर बुडतात, म्हणजे हिशेबाचा काटा फिरतो तो त्यांच्यापाशीच. परंतु हा हिशेब मांडता येण्याची स्थितीच मुळात इसाराच्या दिवशी निर्माण होत असते. रक्कम किती, ती इसार की किमतीचा हप्ता, आणि मागे फिरणाऱ्यावर याहून अधिक दावा चालेल की नाही, ही तीन वाक्ये ज्याने पावतीवर नीट लिहून घेतली त्याला पडत्या बाजारात फक्त निवड करावयाची उरते. १८६५ च्या मुंबईकरांपाशी पैसा होता, हुशारीही होती. तेवढे लिहून घेण्याचा धीर मात्र चढत्या बाजारात फारच थोड्यांना झाला.