फाटकावरची हुज्जत

मिसिसिपी राज्यातल्या स्टार्कव्हिल या गावी १९७४ पासून पुढची ३६ वर्षं दर हंगामात एक लुटुपुटूची तस्करी चालायची. शनिवारी मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचा फुटबॉल सामना असला, की एरवी कायद्याला धरून वागणारी माणसं, म्हणजे प्राध्यापक, शेतकरी, नातवंडांना घेऊन आलेल्या आज्या, गाईच्या गळ्यातली घंटा कोटाच्या आत नाहीतर पर्सच्या तळाशी दडवून स्टेडियमच्या फाटकातून आत शिरायची. आतला लोलक वाजू नये म्हणून तो बोटांत घट्ट धरलेला. फाटकावरच्या माणसाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तोही बहुतेक वेळा त्याच गावचा असायचा.

हा फुटबॉल अमेरिकी, लंबगोल चेंडूचा. घंटेची गोष्ट अशी सांगतात, की फार वर्षांपूर्वी शेजारच्या ओल मिस विद्यापीठाबरोबर सामना चालू असताना एक गाय मैदानात भरकटली आणि त्या दिवशी यजमान जिंकले. गाय खरी असो वा नसो, घंटा मात्र खरी आहे. १९६० च्या दशकात अर्ल टेरेल आणि राल्फ रीव्ह्स या विद्यापीठातल्याच दोघा प्राध्यापकांनी घंटेला सायकलच्या मुठीसारखी मूठ वेल्ड करून द्यायला सुरुवात केली, आणि ती हातात धरून तासन् तास बडवणं सोपं झालं. पाहुण्या संघांचे कान किटले. साउथईस्टर्न कॉन्फरन्स हा या भागातल्या विद्यापीठांचा संघ. त्याने १९७४ मध्ये ९ विरुद्ध १ मतांनी कृत्रिम आवाजाच्या वस्तूंवर बंदी घातली. विरोधातलं ते एक मत कुणाचं असेल, हे सांगायला नको. शेवटी २०१० मध्ये तडजोड झाली: घंटा आणा, पण चेंडू खेळात येण्याच्या बेताला हात आवरा.

प्रेक्षक आणि सिक्युरिटीवाला यांच्यातल्या सगळ्याच हुज्जती इतक्या गोडीत मिटल्या असत्या, तर त्यांचा इतिहास लिहायची गरज पडली नसती. अमेरिकी कॉलेज-सामन्यांना जाणाऱ्यांचा आजचा पाढा ठरलेला आहे. एका फाटकावर चालणारी छत्री दुसऱ्यावर चालत नाही, पाण्याची बाटली कालपर्यंत चालायची ती आज कचऱ्यात जाते, चाळीस वर्षं ज्या जागेवर उभं राहून ओरडलो तिथे विशीतला पोरगा पिवळं जॅकेट घालून ‘खाली बसा’ सांगतो. राग त्या जॅकेटवर निघतो. आत काय चालावं आणि काय नाही, हे ठरवणारा मात्र वरच्या काचेच्या कक्षात बसलेला असतो.

सुरुवातीला अडवायला कुणी नव्हतंच. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात पहिला कॉलेज-फुटबॉल सामना झाला तेव्हा बघे जेमतेम शंभर. कुणी गवतावर बसलं, कुणी लाकडी कुंपणावर. रटगर्सने ६-४ अशी बाजी मारली. तिथे प्रेक्षक आणि मैदान यांच्यामध्ये जी काही रेघ होती ती फक्त संकोचाची.

तीस वर्षांत खेळ पैशाचा झाला आणि कुंपणाला अर्थ आला. २९ नोव्हेंबर १९०० ला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, सॅन फ्रान्सिस्कोत कॅलिफोर्निया आणि स्टॅनफर्ड यांचा सामना होता. तिकीट एक डॉलर, त्या काळी पोरासोरांच्या आवाक्याबाहेरचं. मैदानाजवळच्या काचेच्या कारखान्याच्या छपरावरून फुकटात सगळं दिसत होतं. शेकडो लोक वर चढले. कारखान्याच्या माणसांनी अडवून पाहिलं, पण लोंढ्यापुढे त्यांचं काही चाललं नाही. सामना सुरू झाल्यावर थोड्याच वेळात छप्पर कोसळलं आणि माणसं खाली धगधगत्या भट्टीवर पडली. वीसहून जास्त जण गेले, त्यांतली बरीचशी शाळकरी मुलं. मैदानात खेळ चालूच राहिला आणि स्टॅनफर्डने तो ५-० असा जिंकला.

मग सिमेंट-काँक्रीटची स्टेडियमं उभी राहिली: हार्वर्डचं १९०३ मध्ये, येलचं १९१४ मध्ये, मिशिगनचं १९२७ मध्ये. मिशिगनच्या स्टेडियमात आज १,०७,६०१ माणसं बसतात. एवढ्या लोकांना जागेवर नेऊन बसवायचं कुणी? बऱ्याच ठिकाणी हे काम स्वयंसेवकांचं होतं. माजी विद्यार्थी, गावातले निवृत्त लोक, गणवेशातली बॉय स्काउट पोरं. नोट्र डेम विद्यापीठात स्वयंसेवक अशर अजूनही आहेत, दूरदूरच्या राज्यांतून आपल्या खर्चाने येतात. हे लोक रांग ओळखायचे, रांगेतली माणसं ओळखायचे, आणि कुणाच्या थर्मासमध्ये नुसती कॉफी नाही हेही त्यांना माहीत असायचं.

याच काळात एक चाल रूढ झाली: मोठा विजय मिळाला की मैदानात धावायचं आणि गोलपोस्ट उखडायचे. खांब लाकडी होते तोवर ती हौस होती. ढलप्या काढून लोक घरी न्यायचे, दिवाणखान्यात ठेवायचे. खांब धातूचे झाले तरी चाल तीच राहिली. १९८३ मध्ये येलच्या मैदानावर हार्वर्ड आणि येल यांच्यातला शंभरावा सामना संपल्यावर पडत्या खांबाखाली हार्वर्डची एक विद्यार्थिनी सापडली आणि तिच्या डोक्याला गंभीर इजा झाली. ऑक्टोबर २००१ मध्ये इंडियानातल्या बॉल स्टेट विद्यापीठाने टोलेडोला हरवलं, तेव्हा खुद्द विद्यापीठाच्या धावफलकावर झळकलं, की गोलपोस्ट एकटा पडल्यासारखा दिसतोय. मुलांना आणखी काय हवं होतं? खांब एका विद्यार्थ्याच्या पाठीवर आला आणि तो कमरेखाली कायमचा पांगळा झाला. विद्यापीठाने ३ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. खांब बनवणाऱ्या कंपनीवरचा दावा न्यायालयात टिकला नाही. धोका उघड दिसत होता, असं न्यायाधीशांचं म्हणणं पडलं. चार वर्षांनी मिनेसोटाच्या मॉरिस गावात याच हौसेत एक विद्यार्थी प्राणाला मुकला.

पिवळ्या जॅकेटचं मूळ मात्र फुटबॉलमध्ये नाही, रॉक संगीताच्या मैफलींमध्ये आहे. १९६० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात आयोजकांच्या लक्षात आलं, की काठीवाला पोलीस दिसला की पोरं बिथरतात; त्याऐवजी त्यांच्याच वयाचे, टी-शर्टातले धट्टेकट्टे तरुण उभे केले तर ऐकतात. कुणाला उभं करू नये याचा धडा डिसेंबर १९६९ मध्ये अल्टामाँटला मिळाला. तिथे रोलिंग स्टोन्सच्या कार्यक्रमात व्यासपीठाजवळ हेल्स एंजल्स या मोटारसायकलवाल्यांची टोळी होती, आणि एका तरुणाला भोसकून मारण्यात आलं. दहा वर्षांनी सिनसिनाटीत ‘द हू’च्या मैफलीआधी मोजकीच दारं उघडल्यामुळे रेटारेटीत ११ जण गेले. यातून गर्दीचं व्यवस्थापन हा रीतसर धंदा झाला. विद्यापीठांनी तो कंत्राटावर घेतला, आणि गावच्या ओळखीच्या अशरच्या शेजारी ताशी मजुरीवरचा, बाहेरून आलेला, कालच जॅकेट मिळालेला माणूस उभा राहिला. त्याच्या हाती नियमांचा कागद होता. त्या मैदानाची आठवण त्याला नव्हती.

३० ऑक्टोबर १९९३ ला विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन शहरात काय झालं ते जरा सावकाश पाहायला हवं. विस्कॉन्सिनने मिशिगनला १९८१ नंतर हरवलेलं नव्हतं. त्या दिवशी १३-१० असा विजय मिळाला. कॅम्प रँडल स्टेडियमच्या विद्यार्थी-विभागात उतरती बाकं, बाकांच्या तळाशी लोखंडी कठडा, कठड्यापुढे चिंचोळी वाट आणि त्यापलीकडे जाळीचं कुंपण. सामना संपताना, खेळाडू आत जाईपर्यंत, गार्डनी ठरल्याप्रमाणे फाटकं बंद ठेवली. वरच्या रांगांतल्या हजारो मुलांना खाली काय चाललंय ते दिसत नव्हतं. ती पुढे सरकत राहिली. खालच्या रांगेतली मुलं कठड्यावर दाबली गेली. फाटक उघडा म्हणून ओरडणं आणि विजयाचा आरडाओरडा, दूर उभ्या माणसाला दोन्ही सारखेच ऐकू येतात. मग कठडा वाकला, कुंपण आडवं झालं आणि मुलं एकमेकांवर पडत गेली. ७० हून जास्त जखमी झाले. काहींचा श्वास थांबलेला होता. विस्कॉन्सिनचे खेळाडू परत फिरले आणि अंगावरच्या खांदेपट्ट्यांसकट ढिगातून मुलांना ओढून काढू लागले. कुणीही मेलं नाही.

गार्डनी त्या दिवशी कामचुकारपणा केला नव्हता. त्यांनी सांगितलेलं काम चोख केलं होतं, आणि म्हणूनच ती फाटकं बंद होती. पुढे दावे झाले, पण विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांना न्यायालयाने जबाबदार धरलं नाही. दोन महिन्यांनी, १ जानेवारी १९९४ ला, विस्कॉन्सिनने रोझ बोल या मानाच्या सामन्यात यूसीएलएला २१-१६ असं हरवलं. विद्यार्थी-विभागातले कठडे आणि बसण्याची पद्धत बदलली गेली.

मॅडिसनने गर्दीची धास्ती शिकवली, ११ सप्टेंबरने पिशवीची. २००१ च्या त्या आठवड्यातले सामने पुढे ढकलले गेले, आणि पुन्हा सुरू झाले तेव्हा फाटकावर पिशव्या उघडल्या जात होत्या. १ ऑक्टोबर २००५ ला ओक्लाहोमाच्या नॉर्मन गावी, ८० हजारांहून जास्त लोक स्टेडियमात असताना, एका विद्यार्थ्याने बाहेर काही अंतरावर बाकावर बसून स्वतःला बॉम्बने उडवून घेतलं. २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटांनंतर व्यावसायिक लीगने पारदर्शक पिशवीचा नियम आणला आणि कॉलेजांनी तो उचलला. साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या सगळ्या फुटबॉल मैदानांवर तो २०१७ पासून लागू झाला: १२ बाय ६ बाय १२ इंचांची पारदर्शक पिशवी, किंवा गॅलनभर मापाची झिपवाली प्लॅस्टिक पिशवी. ज्या पिशवीतून आईने थालीपिठाची भाजणी पाठवली, तिच्यातच पाकीट, किल्ल्या आणि औषधं घालून स्टेडियमात जायचं असतं, हे पुण्या-नागपूरहून एमएसला गेलेल्या मुलांना पहिल्या सामन्याला, सॅक घेऊन अर्धा तास रांगेत उभं राहिल्यावर कळतं.

दारूची गोष्ट याहून गमतीची. मध्यंतरात बाहेर पडायचं, पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीत ठेवलेली बियर प्यायची आणि परत आत यायचं, ही बऱ्याच मैदानांवरची जुनी रीत. सुरक्षेच्या नावाखाली अनेकांनी पुन्हा आत येणं बंद केलं. वेस्ट व्हर्जिनियाने २०११ मध्ये ते बंद करतानाच आतमध्ये बियर विकायला सुरुवात केली. त्यानंतर सामन्याच्या दिवशी पोलिसांकडे जाणारी प्रकरणं कमी झाली, असं विद्यापीठाने सांगितलं. साउथईस्टर्न कॉन्फरन्सने २०१९ मध्ये सर्वसाधारण प्रेक्षकांना दारू विकण्यावरची बंदी उठवली. वर्षानुवर्षं कोटाच्या खिशातली चपटी बाटली काढून घेणारा गार्ड आता बियरच्या खिडकीशेजारी उभा असतो. त्याला पाहून जुन्या प्रेक्षकाला ही सगळी तपासणी गल्ल्यासाठीच चालली होती असं वाटलं, तर त्याला दोष कसा द्यायचा?

टेक्सास टेकमध्ये तर भाकरीचा तंटा आहे. तिथले प्रेक्षक किक-ऑफला टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकन पोळी, मैदानात भिरकावत आले. पोळी बुटात, कमरेला, शर्टाखाली कुठेही मावते, आणि मेटल डिटेक्टरला तिचं काहीच वाटत नाही. २०२५ मध्ये बिग १२ कॉन्फरन्सने वारंवार वस्तू फेकल्या तर संघाला १५ यार्डांची शिक्षा ठरवली. आपल्याच संघाचं नुकसान होऊ लागल्यावर विद्यापीठाला प्रेक्षकांना हात जोडावे लागले.

मैदानात धावण्यावर साउथईस्टर्न कॉन्फरन्सने २००४ मध्ये दंड लावला तो पहिल्या वेळी ५ हजार डॉलरचा. पुढे तो वाढवत नेला. तरी १५ ऑक्टोबर २०२२ ला नॉक्सव्हिलमध्ये टेनेसीने अलाबामाला ५२-४९ असं हरवलं, २००६ नंतर पहिल्यांदा, आणि पिवळ्या जॅकेटांची रांग जागच्या जागी विरघळली. गोलपोस्ट टेनेसी नदीत गेले. एक लाख डॉलरचा दंड झाला. नवे खांब घ्यायला विद्यापीठाने चाहत्यांकडेच वर्गणी मागितली आणि ती भराभर जमलीही. धावणाऱ्यांची दृश्यं नंतर जाहिरातीत येतात. त्यांना अडवताना ज्याला धक्के बसले, तो गार्ड त्यांत कधी नसतो. २०२५ पासून दंड थेट ५ लाख डॉलर आहे. पाहुणा संघ आणि पंच सुखरूप आत जाईपर्यंत लोकांना थोपवलं तर पहिल्या वेळी तो माफ होऊ शकतो. म्हणजे गार्डने आता लोकांना अडवायचं, पण काही मिनिटांपुरतंच.

५ ऑक्टोबर २०२४ ला नॅशव्हिलमध्ये व्हँडरबिल्टने अव्वल क्रमांकावरच्या अलाबामाला ४०-३५ असं हरवलं. १९८४ नंतर अलाबामावर मिळवलेला हा पहिला विजय. मुलांनी गोलपोस्ट उपटला, खांद्यावर घेतला, स्टेडियमबाहेर काढला आणि सुमारे तीन मैल चालत, ब्रॉडवेवरच्या बारमधल्या गर्दीतून वाट काढत, कंबरलँड नदीत सोडला. एक लाखाचा दंड नियमाप्रमाणे हरलेल्या अलाबामाकडे गेला. दोन आठवड्यांनी, १९ ऑक्टोबरला, व्हँडरबिल्टचा घरच्या मैदानावरचा पुढचा सामना होता. नव्या खांबांखाली खेळायला आलेला पाहुणा संघ होता बॉल स्टेट.