पुस्तके रुसतात तेव्हा

गेल्या पावसाळ्यात वाचनावरची माझी वासनाच उडाली. पुस्तक उघडावे, चार ओळी डोळ्यांखालून घालाव्यात आणि मिटून ठेवावे! अशा वेळी जॉन स्टुअर्ट मिल आठवला.

हिंदुस्थानात पाऊल न टाकता हिंदुस्थानचा इतिहास लिहिणाऱ्या जेम्स मिलचा हा मुलगा. बापाने त्याला तिसऱ्या वर्षीच ग्रीक शिकवायला घेतले! (बिचारे पोर.) १८२६ च्या शरद ऋतूत, ऐन विशीत, त्याचे मन कशातच लागेना. आवडते ग्रंथ पुन्हा काढले, एकही बोलेना. महिने असेच गेले. मग मार्मोंतेल या फ्रेंच लेखकाच्या आठवणी सहज हाती आल्या. बाप वारलेला, घर शोकात बुडालेले, आणि लहानगा मुलगा घरच्यांना सांगतो की, बापाची जागा आता मी भरून काढीन. मिलचे डोळे भरून आले. त्या क्षणापासून ओझे हलके झाले. पुढे १८२८ मध्ये वर्ड्‌स्वर्थच्या कवितेनेही त्याला हात दिला. तर्कशास्त्र मात्र कामी आले नाही.

ही हकीकत पडताळावी म्हणून मी १८७३ साली, मिलच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेले त्याचे आत्मचरित्र काढले. दिवेलागणीपर्यंत ते खाली ठेववले नाही.