कोषागार लेखापरीक्षा

शासकीय तिजोरीत जमा झालेला व तिच्यातून गेलेला पैसा विधिमंडळाच्या मंजुरीप्रमाणे आणि नियमांनुसार हाताळला गेला की नाही, याची स्वतंत्र तपासणी. भारतात ती नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात. हे पद राज्यघटनेच्या १४८ व्या अनुच्छेदातले. कर्तव्ये १९७१ च्या कायद्याने ठरलेली.

अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वेचे उपकोषागार ही कोषागारांच्या साखळीची तळची कडी. लोकांच्या तोंडी ती नुसती ‘ट्रेझरी’. आत नोटांच्या थप्प्या असतील असे वाटते, पण रोकड बँकेत असते. कुलपाआड ठेवायचे ते मुद्रांकासारखे ऐवज. कुलपे दोन आणि किल्ल्याही दोघांकडे.

तालुक्यातील शासकीय कार्यालयाचे देयक आहरण व संवितरण अधिकाऱ्याच्या सहीने येथे येते. अनुदान शिल्लक आहे का, लेखाशीर्ष बरोबर आहे का, मंजुरी जोडली आहे का, हे पाहून ते पारित होते, नाहीतर आक्षेपासह परत जाते. ही झाली पैसे देण्याआधीची चाळणी. लेखापरीक्षा त्यानंतरची.

पारित देयकाचे प्रमाणक होते. अशा प्रमाणकांसह अमरावतीच्या जिल्हा कोषागाराचे मासिक लेखे नागपूरला महालेखापालांकडे जातात. विदर्भ व मराठवाड्याचे हिशेब तेथे जुळवले जातात. न जुळलेली रक्कम उचंत खाती राहते. लेखे मांडणारे कार्यालय आणि ते तपासणारे कार्यालय मात्र निराळे, जरी दोन्ही नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्याच अखत्यारीत असली तरी.

नागपूरच का? १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला; त्याची राजधानी नागपूर. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, पण महालेखापालांचे कार्यालय नागपुरातून हलले नाही.

आक्षेपांच्या जागा ठरलेल्या आहेत. संक्षिप्त देयकावर आगाऊ उचललेल्या रकमेचे तपशीलवार देयक वेळेत येत नाही. ३१ मार्चला निधी व्यपगत होऊ नये म्हणून तो स्वीय प्रपंजी लेख्यात वळवला जातो. कागदावर खर्च दिसतो, काम मात्र झालेले नसते. अनुदानाची उपयोगिता प्रमाणपत्रे थकतात.

अहवाल अनुच्छेद १५१ नुसार राज्यपालांना सादर होऊन विधिमंडळापुढे येतो व लोकलेखा समिती सचिवांची साक्ष घेते. नगरपरिषद, ग्रामपंचायत यांच्या हिशेबांसाठी स्थानिक निधी लेखापरीक्षेची वेगळी यंत्रणा १९३० च्या कायद्याखाली चालते.