सेवानिवृत्ति आणि परतीचें तिकीट

परभणीच्या स्टेशनावर अमृतसरकडे जाणारी सचखंड एक्सप्रेस येऊन उभी राहिली म्हणजे फलाटावर कधीं कधीं एक लहानसा सोहळा दृष्टीस पडतो. नुकताच नोकरींतून मोकळा झालेला एखादा शिक्षक अथवा कचेरींतील कारकून सपत्नीक उत्तरेच्या प्रवासास निघालेला असतो. मुलेंबाळें व शेजारीपाजारी पोंचवावयास आलेले असतात. कोणी हार घालतो, कोणी फराळाचा डबा खिडकींतून आंत देतो, आणि गाडी हलली म्हणजे सर्वजण हंसतमुखानें हात हालवितात. हा देखावा आतां इतका नित्याचा झाला आहे कीं, त्यांत कांहीं विशेष आहे असें कोणास वाटत नाहीं. आपल्या पणजोबांनीं मात्र तो पाहिला असता, तर त्यांस मोठें नवल वाटलें असतें. त्यांच्या काळीं म्हातारें माणूस दूरच्या यात्रेस निघालें म्हणजे वेशीपर्यंत आलेलीं माणसें डोळे पुसत परत फिरत. त्या रडण्याचें हंसणें कसें झालें, तें येथें सांगावयाचें आहे.

उतारवयांत मनुष्यानें काय करावें, याचा विचार आपल्या शास्त्रकारांनीं केलेला आहे. अंगास सुरकुत्या पडल्या, केंस पिकले आणि नातवाचें मुख दिसलें म्हणजे गृहस्थानें वनाची वाट धरावी, असें मनुस्मृति सांगते. पत्नीस मुलांच्या स्वाधीन करावें किंवा बरोबर न्यावें, अशी मुभाहि देते. प्रत्यक्षांत वनांत जाणारे थोडेच. संसारी माणसाच्या मनांत वनाची जागा काशीनें घेतली. काशीस जावें, जमल्यास तेथेंच देह ठेवावा, आणि परतणें झालेंच तर गंगोदक रामेश्वरास न्यावें, ही जुन्या पिढीची शेवटची इच्छा असे. पायीं अथवा बैलगाडीनें या यात्रेस कित्येक महिने लागत. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं उत्तरेकडे गेले, ते दक्षिणा मिळवून घरचें कर्ज फेडण्याच्या आशेनें. ते बंडाच्या वणव्यांत सांपडले, झांशीचा वेढा त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला, लुटलेहि गेले, आणि अखेर गंगेची कावड तेवढी घेऊन घरीं परतले. १९०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’मुळें ही हकीकत आपणांस ठाऊक आहे. त्या वेळीं ते ऐन तिशींत होते. धडधाकट माणसाची ही अवस्था, तर साठी उलटलेल्याच्या परतण्याची आशा घरच्यांनीं काय म्हणून धरावी? परभणीकडील अनेक वृद्धांनीं म्हणूनच गोदाकांठच्या गंगाखेडावर समाधान मानलें असेल. जनाबाईचें हें गांव दक्षिण काशी म्हणून प्रसिद्धच आहे.

१८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, आणि १८७० सालीं जबलपुरावरून मुंबई व कलकत्ता हीं शहरें रुळांनीं जोडलीं गेलीं. १८८७ सालीं काशीच्या गंगेवर पूल झाला. परभणीस मात्र कांहीं काळ वाट पाहावी लागली. निजामाच्या राज्यांतून जाणारा हैदराबाद-गोदावरी व्हॅली हा सुमारें ३९० मैलांचा मार्ग १९०० च्या सुमारास मनमाडपर्यंत पुरा झाला. तो मीटरगेज होता. त्यामुळें मनमाडास सारें सामान उतरवून रुंद रुळांच्या गाडींत बसावें लागे. तिसऱ्या वर्गांतील गर्दी आणि हमालांचा गलबला सोसूनहि लोक जात, कारण महिन्यांची वाट आतां दिवसांवर आली होती. १९१४ सालीं पांबनचा पूल झाला आणि रामेश्वराचें बेटहि रुळांवर आलें. वेळ वांचला हा लाभ उघडच आहे. त्याहून मोठा लाभ हा कीं, जाणाऱ्यास आपण परत येऊं अशी खात्री वाटूं लागली. मरणाची तयारी म्हणून करावयाची यात्रा जगण्याचाच एक भाग झाली.

परंतु तिकिटास पैसा लागतो, आणि प्रवासास मोकळा वेळ लागतो. या दोन्ही गोष्टी पेन्शनीनें दिल्या. तीहि त्याच युगाची देणगी आहे. जर्मनींत बिस्मार्कच्या अमदानींत १८८९ सालीं कामगारांसाठीं वृद्धापकाळाच्या विम्याचा कायदा झाला. त्याचा लाभ मिळण्याचें वय होतें सत्तर! आपल्याकडे हैदराबाद संस्थानांत सरकारी चाकरीच्या शेवटीं वजिफा मिळे. पुढें १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला, आणि वजिफ्याची पेन्शन झाली. ती सरकारची मेहेरबानी नसून केलेल्या सेवेचा हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें नकारा यांच्या खटल्यांत १९८२ सालीं दिला.

येथें आनंदानें थांबतां आलें असतें, पण फलाटावर सर्वच लोक नसतात. परभणी जिल्हा कापसाचा व ज्वारीचा. येथील शेतकऱ्यास निवृत्तीची तारीख नाहीं. हातपाय थकले म्हणजे तीच त्याची निवृत्ति. त्याची यात्रा पंढरीची, आणि तीहि पेरणीच्या चिंतेंत. खासगी कारखान्यांतील कामगारांच्या पेन्शनीची किमान रक्कम २०१४ सालीं ठरली ती महिना एक हजार रुपये. रेल्वेच्या भाड्यांत साठ वर्षांच्या पुरुषांस शेंकडा ४० व अठ्ठावन वर्षांच्या स्त्रियांस शेंकडा ५० सूट असे; मार्च २०२० मध्यें साथीच्या दिवसांत ती बंद झाली. ज्यास भरपूर पेन्शन आहे त्यास तिची उणीव भासली नसेल. पण ज्याचें परतीचें तिकीट त्या सवलतीवर अवलंबून होतें, तो घरींच राहिला.

आणखी एक माणूस आहे, जें गाडींत बसलेलें असूनहि आपणांस दिसत नाहीं. तें म्हणजे त्या निवृत्त गृहस्थाची पत्नी. मनूनें तिला मागें ठेवण्याची मुभा दिली होती; आगगाडीनें तिला खिडकीजवळची जागा दिली. पतीच्या कचेरीनें त्याला निरोप दिला, हार घातला. स्वयंपाकघर कोणासहि निरोप देत नाहीं. सचखंड एक्सप्रेसच्या वाटेवर कित्येक स्थानकांवर शीख मंडळी उतारूंस लंगरचें अन्न विनामूल्य वाढतात. जन्मभर दुसऱ्यांस वाढीत आलेल्या बाईच्या हातांत परक्या गांवीं कोणी परका मनुष्य आदरानें भरलेलें पान देतो, तो क्षण माझ्या मतें या साऱ्या प्रवासांत सर्वांत मोलाचा होय.

१९९० नंतरच्या दशकांत हा मार्ग रुंद झाला आणि मनमाडची गाडी बदलण्याची यातायात संपली. आज परभणीचा उतारू एकाच गाडीनें अमृतसर गांठतो. या वाटेनें सहा शतकांहून अधिक काळापूर्वीं एक थोर प्रवासी पायीं गेला होता. नामदेवांचें जन्मस्थान म्हणून जें नरसी गांव परंपरा सांगते, तें १९९९ सालीं हिंगोली जिल्हा निराळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यांतच होतें. त्यांचा उत्तरकाळ पंजाबांत घुमान येथें गेला, आणि त्यांचीं ६१ पदें गुरु ग्रंथसाहिबांत समाविष्ट झालीं. त्याच घुमान गांवीं २०१५ सालीं मराठी साहित्य संमेलन भरलें. नामदेव शेवटीं परत आले आणि पंढरीच्या महाद्वारीं समाधिस्थ झाले असें महाराष्ट्र म्हणतो. ते घुमानलाच राहिले असें पंजाब म्हणतो. ज्या प्रवाशाच्या परतण्याविषयीं दोन प्रांत प्रेमानें वाद घालतात, त्याची यात्रा खरोखर सफळ झाली म्हणावयाची.

काशीहून आलेला यात्रेकरू घरीं मावंदें घालीत असे. गंगा पुजावी, आप्तेष्टांस जेवूं घालावें, आणि पाहिलेलें सांगावें. ती चाल आतां मागें पडत चालली आहे. परतीचें तिकीट मिळाल्यामुळें आपण परतण्याचें मोल तर विसरलों नाहीं ना, अशी शंका येते. निवृत्त माणसानें अवश्य दूर जावें, घरधनिणीस बरोबर न्यावें. आणि परत आल्यावर, ज्यांस फलाटापर्यंतहि येतां आलें नाहीं त्या शेजाऱ्यांस बोलावून, गांठीं आणलेलें चार घांस त्यांच्या पानांतहि वाढावें.