राखीव आघाडीवीराचे मोल

फुटबॉलमध्ये मैदानाबाहेर बसून राहणाऱ्या खेळाडूसाठी मराठीत दोन शब्द रूढ आहेत : 'राखीव' आणि 'बदली'. दोहोंच्या अर्थच्छटा भिन्न आहेत. 'बदली' या शब्दात कुणाच्या तरी जागी येणे आहे. म्हणजे मूळचा तो दुसरा आणि हा तात्पुरता. 'राखीव' या शब्दात मात्र जपून ठेवणे आहे, जसे बियाणे राखून ठेवावे तसे. खेळाच्या डावपेचांचा इतिहास पाहिला, तर तो बव्हंशी पहिल्या अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे झालेला प्रवास आहे, असे म्हणता येईल.

राखीव खेळाडूची आजच्यासारखी सोय नव्हती, तेव्हा संघाला ती अकरांतूनच निर्माण करावी लागे. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत जर्नेलसिंग या बचावपटूच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला विश्रांती देण्याऐवजी आघाडीवर खेळवले. त्याने उपान्त्य सामन्यात गोल केला आणि अंतिम सामन्यातही. पी. के. बॅनर्जी यांचा एक आणि जर्नेलचा एक, अशा दोन गोलांनी भारताने दक्षिण कोरियाला 2-1 असे नमवून सुवर्णपदक मिळवले. आघाडीवीराचा पर्याय बचावफळीत दडलेला असू शकतो, हे रहीम यांनी ओळखले होते.

पुढे नियम बदलले. इंग्लंडच्या लीगमध्ये 1965 साली बदली खेळाडूला परवानगी मिळाली, तीही आरंभी केवळ दुखापतीपुरती. विश्वचषकात ही सोय 1970 साली मेक्सिकोत प्रथम आली. त्याच वर्षी आपल्याकडे सिडकोची स्थापना झाली आणि सारसोळे, नेरुळ यांसारख्या खाडीकाठच्या गावांभोवती नवे शहर आखले जाऊ लागले. त्या शहरात, सारसोळ्यापासून फार दूर नसलेल्या डी. वाय. पाटील क्रीडासंकुलात, 2022 साली राखीव खेळाडूचे मोल दोन परस्परविरुद्ध रूपांत दिसले.

पहिले रूप 6 फेब्रुवारीचे. महिलांच्या आशियाई चषकाच्या अंतिम सामन्यात चीन मध्यंतराला दक्षिण कोरियाविरुद्ध 0-2 असा मागे होता. उत्तरार्धात तांग जियालीने पेनल्टीवर पहिला गोल केला. त्यानंतर बदली म्हणून उतरलेल्या झांग लिनयानने बरोबरी साधली आणि भरपाईच्या वेळात शियाओ यूयी या दुसऱ्या बदली खेळाडूने निर्णायक गोल केला. चीनने 3-2 असा विजय मिळवून नववे विजेतेपद पटकावले. दमलेल्या बचावफळीसमोर ताज्या पायांचा आघाडीवीर उतरला, की प्रतिस्पर्ध्याची आधीची सारी गणिते विस्कटतात. त्याने सामन्याचा तासभर बाहेरून वाचलेला असतो. कुठे फट पडते आहे, हे त्याला ठाऊक असते. याच संघातील वांग शानशान 2018 च्या आशियाई स्पर्धेत ताजिकिस्तानविरुद्ध बदली म्हणून उतरली आणि सुमारे अर्ध्या तासात तिने 9 गोल केले. प्रतिस्पर्धी दुबळा होता हे खरेच. पण हीच खेळाडू गरजेनुसार बचावातही खेळत आली आहे, हे ध्यानात घेतले की जर्नेलसिंगची आठवण होते.

दुसरे रूप त्याच्या दोनच आठवडे आधीचे, 23 जानेवारीचे, आणि ते आपल्याला अधिक सलणारे आहे. यजमान भारताची सलामीची लढत इराणशी गोलशून्य बरोबरीत सुटली होती. चिनी तैपेईविरुद्धच्या दुसऱ्या सामन्याआधी संघात कोविडचा प्रादुर्भाव झाला आणि नियमानुसार आवश्यक असलेल्या किमान 13 खेळाडू उभ्या करता आल्या नाहीत. सामना झाला नाही. भारत स्पर्धेबाहेर गेला आणि त्यासोबत त्या वाटेने 2023 च्या विश्वचषकाला पोहोचण्याची संधीही गेली.

तेराचा हा आकडा बोलका आहे. खेळायला अकरा लागतात, पण अकराच असतील तर नियम त्याला संघच मानत नाही. राखीव खेळाडू ही संघाची चैन नसून संघ या संकल्पनेचाच भाग आहे, ही गोष्ट चीनने गोल करून सिद्ध केली. भारताला ती त्याच मैदानावर न खेळताच शिकावी लागली.