सौम्यता म्हणजे काय? : संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या शिकवणुकीच्या प्रकाशात

गिरिप्रवचनातील आठ धन्योद्गारांपैकी सौम्य जनांविषयीच्या धन्योद्गाराबाबत (मत्तय ५:५) बहुधा सर्वाधिक गैरसमज आहे. पृथ्वीचे वतन सौम्य जनांना मिळेल, असे अभिवचन प्रभू येशू तेथे देतो. आपल्या बोलण्यात मात्र जो उलट उत्तर देत नाही त्याला आपण 'गरीब गाय' म्हणतो, आणि अशा माणसाच्या हाती अनेकदा बांधालगतची जमीनही राहत नाही. मग प्रभूला अभिप्रेत असलेला सौम्य मनुष्य कोण?

शुभवर्तमानाच्या ग्रीक संहितेत येथे 'प्राऊस' हा शब्द आहे. प्राचीन ग्रीक लेखक झेनोफन याने अश्वविद्येवरील आपल्या ग्रंथात हाच शब्द माणसाळलेल्या घोड्यासाठी योजला आहे. घोडा माणसाळला म्हणून त्याचे बळ कमी होत नाही. ते लगामाला ओळखू लागते, एवढेच. अॅरिस्टॉटलच्या मते अति रागीटपणा आणि राग येण्याच्या जागीही न येणे, हे दोन्ही दोषच. सौम्यता या दोहोंच्या मध्ये असते. संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार पुढे नेला. सौम्यता क्रोधाला विवेकाच्या आज्ञेत ठेवते, असे ते सांगतात. तेव्हा ज्याला राग येतच नाही, त्याला सौम्यतेची परीक्षा द्यावी लागलेलीच नाही.

जुन्या करारात पृथ्वीवरील सर्व माणसांहून सौम्य असे मोशेचे वर्णन आहे (गणना १२:३). हाच मोशे फारोपुढे निर्भयपणे उभा राहिला आणि सोन्याचे वासरू पाहून त्याने दगडी पाट्या फोडल्या. परंतु सख्ख्या बहीण-भावाने त्याच्याविरुद्ध कुरकुर केली, तेव्हा स्वतःच्या बचावासाठी तो बोलल्याचे शास्त्र सांगत नाही. मिर्यामला कोड फुटल्यावर मात्र तिच्यासाठी त्याने देवाचा धावा केला. प्रभू येशूला महायाजकासमोर शिपायाने चपराक मारली. प्रभूने हात उगारला नाही, पण तो गप्पही राहिला नाही. मारण्याचे कारण त्याने विचारले (योहान १८:२३).

म्हणून घरात मार खाणाऱ्या स्त्रीला 'सौम्य राहा, सोस' असे सांगणे हा या धन्योद्गाराचा दुरुपयोग होय. आपल्या घरांतून हा सल्ला अजूनही दिला जातो, आणि तो धार्मिक वाटतो हे अधिकच दुःखद. पोप फ्रान्सिस यांनी 'आमोरिस लेतित्सिया' (२०१६) या प्रबोधनपत्राच्या २४१ व्या परिच्छेदात स्पष्ट केले आहे की, हिंसेपासून जोडीदाराला वा मुलांना वाचविण्यासाठी विभक्त होणे कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते.

सौम्यतेचे संत म्हणून ख्रिस्तसभा ज्यांना ओळखते, ते संत फ्रान्सिस डी सेल्स (१५६७-१६२२) मूळचे तापट स्वभावाचे होते, असे परंपरा सांगते. १५९४ साली आपला चुलतभाऊ लुई याच्यासह ते सॅव्हॉयमधील शाब्ले या कॅल्विनपंथीय प्रदेशात गेले. लोक प्रवचनाला फिरकेनात. तेव्हा त्यांनी श्रद्धेचे विवेचन कागदावर लिहून ती पत्रके लोकांच्या घरोघरी पोहोचविण्यास आरंभ केला. पुढे तेथील बहुसंख्य लोक कॅथलिक झाले. तथापि या बदलामागे ड्यूकची राजसत्ताही उभी होती, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

१६०२ साली ते जिनिव्हाचे बिशप झाले. परंतु जिनिव्हा कॅल्विनपंथीयांच्या हाती असल्याने त्यांचे वास्तव्य आनसी येथे होते. १६०९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा भक्तिमय जीवनाची ओळख करून देणारा ग्रंथ संसारी माणसांसाठी लिहिलेला आहे. त्याच्या तिसऱ्या भागातील आठवे आणि नववे ही प्रकरणे सौम्यतेवर आहेत. वाजवी वाटणारा थोडासा राग जरी आत घेतला तरी तो घराचा मालक होऊन बसतो, म्हणून त्याला दारातच अडवावे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. रात्र उलटू दिली तर त्याला हुसकणे अधिकच कठीण, कारण रागावलेल्या माणसाला आपला राग अन्याय्य कधी वाटतच नाही.

नववे प्रकरण मात्र अनपेक्षित आहे. तेथे विषय निघतो तो स्वतःशी सौम्य असण्याचा. पुष्कळ माणसे रागावतात, मग रागावलो म्हणून स्वतःवर रागावतात, आणि मन रागातच बुडालेले राहते. पापनिवेदनासाठी येणाऱ्या कितीतरी भाविकांना ही अवस्था परिचित असेल. स्वतःच्या पडण्यावर चिडण्याऐवजी आपल्या हृदयाला दयेने समजवावे, पुन्हा उठावे आणि देवाच्या करुणेवर भिस्त ठेवावी, असे ते सुचवितात. त्यात पश्चात्तापाला फाटा नाही. शांत मनाने केलेला पश्चात्ताप अधिक खोल जातो, अशी त्यांची धारणा होती.

पोप पायस नववे यांनी १८७७ साली त्यांना ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केले, आणि पोप पायस अकरावे यांनी १९२३ साली कॅथलिक लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते. महाराष्ट्राशीही त्यांचा संबंध आहे. फादर पीटर मर्मिये यांनी १८३८ साली आनसी येथे स्थापन केलेल्या, या संतांचे नाव धारण करणाऱ्या संघाचे मिशनरी १८४६ साली विशाखापट्टणम येथे आले व तेथून त्यांचे कार्य नागपूरपर्यंत पोहोचले. नागपूरचे कॅथेड्रल संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्याच नावाने आहे. त्यांचा सण २४ जानेवारीस येतो. जागतिक संपर्कमाध्यम दिनासाठीचा पोपमहोदयांचा संदेशही दरवर्षी त्याच सुमारास प्रसिद्ध होतो. २०२३ सालच्या संदेशात पोप फ्रान्सिस यांनी अंतःकरणापासून व प्रेमाने सत्य बोलण्याविषयी लिहिताना याच संतांचे उदाहरण पुढे ठेवले होते.